नवं ग्राफिक्स कार्ड आलं की जुनं स्वस्त होतं का?

गणपतीला रामवाडीला घरी गेले होते. शेजारचा मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे रिसर्चकडे वळायचं म्हणतोय. आरती झाल्यावर प्रसाद हातात घेऊनच तो थांबला. "ताई, पप्पा तीस हजार द्यायला तयार आहेत. ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ की पुढची सिरीज येईपर्यंत थांबू? सगळे म्हणतात नवीन आलं की जुनं स्वस्त होतं."

हे "सगळे म्हणतात" मी २०२० मध्येही ऐकलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवून थांबले होते. तेव्हा मी एमएस्सीला होते. साधारण बावीस हजारांचं एक कार्ड बघून ठेवलं होतं, पैसेही जमले होते. तेवढ्यात १ सप्टेंबरला एनव्हिडियाने आरटीएक्स ३० सिरीज जाहीर केली. मित्र म्हणाले, दोन महिने थांब, जुनी कार्डं मातीमोल होतील. मी थांबले. पुढच्या उन्हाळ्यात तेच कार्ड जवळजवळ दुप्पट भावाला होतं, आणि तेही असलं तर! डिझर्टेशनचं सगळं काम मग गूगल कोलॅबच्या फुकट सेशनवर झालं. पावसात वीज गेली की सेशन तुटायचं, आणि मी परत पहिल्यापासून.

म्हणून त्या मुलाला मी लगेच उत्तर दिलं नाही. आज ते इथे देते आहे. तुम्हीही कार्ड घ्यायच्या विचारात असाल तर त्याचा उपयोग होईलच. शिवाय "असं होतं का?" या साध्या प्रश्नाला रिसर्चचा प्रश्न करताना काय काय करावं लागतं, हे दाखवायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

आधी गणपतीच्या मूर्तींचा भाव

पेणच्या आसपास वाढलेल्या कुणालाही एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मूर्तीचं काम वर्षभर चालतं, पण विकायची तारीख ठरलेली असते. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात मूर्ती उरल्या असतील तर भाव उतरतो. त्याच संध्याकाळी हव्या त्या आकाराच्या चारच मूर्ती राहिल्या असतील आणि दारात दहा माणसं उभी असतील, तर भाव चढतो. तारीख दोन्हीकडे एकच. फरक पडतो तो किती माल उरलाय आणि किती माणसं आहेत याने.

ग्राफिक्स कार्डाचं लाँच ही अशीच एक तारीख आहे. मूर्तिकारापेक्षा कंपनीचं एका बाबतीत बरं असतं: चतुर्थी कधी आहे ते सगळ्या गावाला माहीत असतं, पण लाँच कधी आहे ते आधी फक्त कंपनीला माहीत असतं. त्यामुळे जुन्या मालाचं उत्पादन आधीच कमी करायचं, दुकानातला साठा हळूहळू संपवायचा आणि मग नवीन जाहीर करायचं, हे तिला जमू शकतं. जमलं तर जुनं कार्ड स्वस्त होत नाही, ते नुसतं दिसेनासं होतं. जमलं नाही तर भाव कोसळतात. गेल्या दहा वर्षांत दोन्ही प्रकार झालेत.

पाच लाँच, पाच वेगळी उत्तरं

ही म्हण लोकांच्या तोंडी बसली त्यात २०१६चा मोठा वाटा असणार. त्या मे महिन्यात जीटीएक्स १०८० आलं आणि जूनमध्ये १०७०. १०७०ची जाहीर किंमत ३७९ डॉलरपासून होती आणि वेग जवळपास ९८० टीआयइतका. हे ९८० टीआय वर्षभरापूर्वीच ६४९ डॉलरना आलं होतं. आता ३७९ मध्ये जे मिळतंय त्याला ६४९ कोण देणार? जुन्याला खाली यावंच लागलं. मार्च २०१७ मध्ये तर कंपनीनेच हिशोब उघड केला: १०८० टीआय ६९९ डॉलरना आणलं आणि साध्या १०८०ची किंमत ५९९ वरून ४९९ केली. ज्यांनी पहिला पीसी या काळात जोडला, त्यांच्या डोक्यात नियम पक्का झाला.

मग आला २०१८. ऑगस्टमध्ये जर्मनीत कोलोनला २० सिरीज जाहीर झाली. आरटीएक्स २०८०ची किंमत ६९९ डॉलरपासून आणि कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीची ७९९. रोजच्या खेळांमधला वेग साधारण १०८० टीआयइतकाच, आणि ते दीड वर्षांपूर्वी ६९९लाच आलं होतं. म्हणजे तेवढ्याच पैशात तेवढाच वेग. रे ट्रेसिंग वगैरे नवीन गोष्टी होत्या, पण त्या वापरणारे गेम तेव्हा जवळपास नव्हतेच. मग १०८० टीआय स्वस्त का व्हावं? ते झालं नाही. पेटीबंद माल संपत गेला आणि उरलेला महाग झाला.

गंमत म्हणजे त्याच पिढीतल्या मधल्या कार्डांचं उलटं झालं. क्रिप्टोचा बाजार २०१८ मध्ये बसला होता, मायनिंगसाठीची मागणी आटली होती, आणि जीटीएक्स १०६०सारख्या मधल्या कार्डांचा साठा दुकानांत पडून होता. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने तिमाही निकालांत हे कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर जवळजवळ १९ टक्के पडला. एकच कंपनी, एकच लाँच, एकाच पिढीतली दोन कार्डं, आणि भावांच्या दिशा दोन. "जुनी कार्डं" असा एक शब्द वापरून आपण किती गोष्टी एका पोत्यात भरतो ते इथे दिसतं.

२०२० मध्ये कंपनीने ३०७० हे ४९९ डॉलरचं कार्ड २०८० टीआयपेक्षा वेगवान असल्याचं सांगितलं. २०८० टीआय तोवर हजार-बाराशे डॉलरचं कार्ड होतं. ज्यांच्याकडे ते होतं त्यांनी घाबरून, मिळेल त्या भावाला, पाचशे डॉलरच्या आसपाससुद्धा विकून टाकलं. म्हण बरोबर ठरली, पण काही आठवडेच. नवीन कार्डं दुकानांत मिळेनात. घरून काम, चिपचा तुटवडा आणि परत चढलेलं इथेरियम असं सगळं एकदम आलं. २०२१ मध्ये त्याच जुन्या २०८० टीआयचे सेकंडहँड भाव हजार डॉलरच्या वर गेले. परिस्थिती अशी की एनव्हिडियाने २०१६चं जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९चं आरटीएक्स २०६० परत बाजारात सोडलं. २०६०ची तर डिसेंबर २०२१ मध्ये १२ जीबीची नवीन आवृत्ती काढली. म्हणजे नवीन पिढी आल्यावर वर्षभराने जुनी पिढी नव्याने "लाँच" झाली! माझे बावीस हजार याच काळात बँकेत पडून होते.

२०२२ वर थोडं जास्त थांबायला हवं, कारण रिसर्च करणाऱ्याने अडखळावं अशी जागा ती आहे. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंगची जुनी पद्धत बंद केली. याला "मर्ज" म्हणतात. एका दिवसात जगभरच्या असंख्य कार्डांचं काम संपलं आणि ती विकायला निघाली. बरोबर पाच दिवसांनी, २० सप्टेंबरला, ४० सिरीज जाहीर झाली. त्या शरद ऋतूत जुन्या कार्डांचे भाव खाली होते हे खरं. पण श्रेय कुणाचं? पाच दिवसांच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांचा परिणाम, नुसता भावाचा आलेख बघून, वेगळा काढता येत नाही.

आणि आलेख आणखी मागे नेला तर तिसरीच गोष्ट दिसते. आरटीएक्स ३०९० टीआय मार्च २०२२ मध्ये १,९९९ डॉलरना आलं होतं. ४० सिरीज जाहीर व्हायच्या आधीच ते काही दुकानांत अकराशे डॉलरच्या आसपास आलं. ऑगस्टमध्येच एनव्हिडियाने जास्तीच्या साठ्यापोटी वगैरे सुमारे १.३४ अब्ज डॉलरचा फटका हिशोबात दाखवला होता. म्हणजे घसरण लाँचच्या आधीची. २० सप्टेंबरनंतर सवलतीची वाट बघत बसलेल्याला वाटलं असेल की काहीच हललं नाही. हलायचं ते आधीच हलून गेलं होतं.

पाचवं २०२५चं, थोडक्यात. ५० सिरीज ६ जानेवारीला जाहीर झाली. जुन्या पिढीतल्या ४०९०चं उत्पादन त्याआधीच थांबलं होतं. नवीन ५०९० कुठे मिळत नव्हतं, आणि २४ जीबी मेमरीचं ४०९० एआयच्या कामाला सगळ्यांनाच हवं होतं. सव्वादोन वर्षं जुनं कार्ड त्याच्या मूळ १,५९९ डॉलरच्या वर विकलं गेलं.

तर मग नियम काय? माझ्या मते लाँच हे कारण नसून निमित्त आहे. नवीन कार्ड त्याच पैशात बरंच जास्त देत असेल आणि ते खरोखर दुकानात मिळत असेल, तर जुनं उतरतं. जुन्याचा साठा जास्त झाला असेल तर ते लाँचची वाटही बघत नाही, आधीच उतरतं. दोन्ही नसेल तर ते तिथेच राहतं, किंवा चढतं.

अर्थशास्त्रात यामागचा विचार जुना आहे. रोनाल्ड कोज यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराबद्दल लिहिलं: त्याची खरी स्पर्धा त्याच्याच मालाशी असते, कारण उद्या तो स्वस्त विकेल या आशेवर गिऱ्हाईक आज थांबतं. एनव्हिडियाला सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी कोण असेल तर लोकांच्या घरी मजेत चाललेली एनव्हिडियाचीच जुनी कार्डं.

"स्वस्त झालं" म्हणजे नेमकं काय झालं?

आता समजा हाच तुमचा रिसर्चचा विषय आहे. गाइडकडे जाऊन तुम्ही म्हणालात, "नवीन पिढी आली की जुनी कार्डं स्वस्त होतात का, हे बघायचंय." चांगला गाइड असेल तर विचारेल: कुठली किंमत? कंपनीने जाहीर केलेली, डब्यावर छापलेली एमआरपी, वेबसाइटवरची, लॅमिंग्टन रोडवर दुकानदार तोंडी सांगतो ती, की सेकंडहँड? पाचही वेगळ्या वागतात. जाहीर किंमत बहुतेक वेळा बदलतच नाही. कार्ड बंद होतं तेव्हाही कागदावर तीच असते. एमआरपी तर आपल्याकडे बऱ्याचदा इतकी फुगवलेली असते की तिच्यावरून काही ठरवणं व्यर्थ. सेकंडहँड भाव सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात हलतो, कारण तिथे विकणारा एकटा माणूस असतो आणि घाबरतो.

मग "आल्यावर" म्हणजे कधी? जाहीर झाल्यापासून, विक्री सुरू झाल्यापासून, की नवीन कार्ड मागितल्यावर लगेच मिळायला लागल्यापासून? २०२० मध्ये या तीन तारखांत कित्येक महिन्यांचं अंतर होतं. आणि अफवा तर त्याच्याही आधी फिरतात. शेअर बाजाराच्या अभ्यासात "इव्हेंट स्टडी" नावाची पद्धत वापरतात: घटनेच्या आधीचा आणि नंतरचा ठरावीक काळ घ्यायचा, आणि घटना घडली नसती तर भाव कुठे असता याचा अंदाज प्रत्यक्ष भावाशी ताडून बघायचा. फामा आणि सहकाऱ्यांचा १९६९चा पेपर या पद्धतीचा मूळ संदर्भ मानतात. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ते "घडली नसती तर". एखादं कार्ड दर महिन्याला दोन टक्क्यांनी उतरत आलंय आणि लाँचनंतरही दोन टक्क्यांनीच उतरलं, तर लाँचचा परिणाम शून्य. भाव कमी झालाय, तरीही शून्य. बहुतेक ब्लॉग आणि व्हिडिओ इथेच घसरतात: लाँचच्या आधीचा एक आकडा, नंतरचा एक आकडा, मध्ये बाण.

आता एक खड्डा, ज्यात मी स्वतः पडले आहे. समजा एका जुन्या कार्डाच्या पाच कंपन्यांच्या आवृत्त्या दुकानात आहेत: २८, २९, ३०, ३४ आणि ३९ हजार. सरासरी ३२ हजार. नवीन पिढी येते. लोक आधी स्वस्त आवृत्त्या उचलतात, म्हणून पहिल्या तीन संपतात. उरल्या ३४ आणि ३९. सरासरी ३६ हजार ५००. तुमच्या आलेखावर भाव १४ टक्क्यांनी वाढला. प्रत्यक्षात एकाही डब्याची किंमत एका रुपयानेही बदललेली नाही! नंतर उरलेल्या दोन्हींवर दुकानदाराने हजार-हजार कमी केले तरी तुमचा आलेख वाढच दाखवेल. बाजारात जे घडतंय त्याच्या नेमकं उलट.

उपाय सोपा आहे, फक्त सुरुवातीपासून करावा लागतो. कार्डांची सरासरी न घेता एकेका आवृत्तीचा वेगळा माग ठेवायचा, आणि "संपलं" हीसुद्धा नोंद मानायची. नसलेला डेटा हाही डेटा आहे, हे वाक्य मी सेमिनारमध्ये पाठ केलं होतं. पण ते कळलं कधी, तर शेकडो ओळींच्या शीटमधल्या रिकाम्या चौकटी मी एका झटक्यात उडवून टाकल्या आणि नंतर लक्षात आलं की उत्तर त्या चौकटींमध्येच होतं तेव्हा.

२०२२च्या गुंत्याकडे परत येऊ. मर्ज आणि लाँच वेगळे कसे काढायचे? एक वाट आहे. इथेरियमच्या मायनिंगला लागणारी एक फाइल दर काही दिवसांनी वाढत जायची, आणि २०२०च्या शेवटी ती ४ जीबीच्या पुढे गेली. त्यानंतर ४ जीबी मेमरीच्या कार्डांवर इथेरियम काढणं व्यवहारात संपलं. म्हणजे सप्टेंबर २०२२ मध्ये काही जुनी कार्डं मायनिंगच्या कामाची होती आणि काही मुळातच नव्हती. ४ जीबीवाल्यांचे भावही तेवढेच पडले असतील तर मर्ज हे एकमेव कारण नाही. ८ जीबीवाले पडले आणि ४ जीबीवाले जागीच राहिले असतील तर संशय मर्जवर. यालाच "डिफरन्स इन डिफरन्सेस" म्हणतात; नावाला घाबरू नका, दोन गटांच्या बदलांमधला फरक, एवढंच.

पण लगेच खूश होऊ नका. ८ जीबीचं कार्ड स्वस्त झालं की जो ४ जीबीचं घेणार होता तोही तिकडे वळतो, आणि ४ जीबीचा भावही पडतो. २०२१ मध्ये याच रस्त्याने उलटं झालं होतं: १०५० टीआयवर इथेरियम निघत नव्हतं, तरी मोठी कार्डं हाताबाहेर गेल्यामुळे लोक त्याच्याकडे वळले आणि तेही महागलं. तुमचा तुलनेचा गट मूळ गटापासून कोरडा राहत नाही, पाणी झिरपतं. मग तुलना प्रोसेसरशी करायची का, एसएसडीशी? प्रत्येकाची बाजू आहे आणि प्रत्येकात भोक आहे. थीसिसमधली बरीच पानं असल्याच वादात जातात, आणि खरं काम तेच असतं.

रुपयाचं गणित वेगळं

इंटरनेटवरची जवळजवळ सगळी चर्चा डॉलरमध्ये चालते. आपण घेतो रुपयात. आरटीएक्स ४०९०ची भारतातली सुरुवातीची किंमत एनव्हिडियाने १,५५,००० रुपये जाहीर केली होती आणि ५०९०ची २,१४,०००. डॉलरमधल्या किंमतींनी भागा: पहिल्यात एका डॉलरमागे साधारण ९७ रुपये पडतात, दुसऱ्यात १०७. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलर ८२च्या आसपास होता, जानेवारी २०२५ मध्ये ८६च्या. त्यावर १८ टक्के जीएसटी. उरलेला फरक वाहतूक, वितरक आणि दुकानदाराचा.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. जुनं कार्ड अमेरिकेत पाच टक्क्यांनी उतरलं आणि त्याच काळात रुपया पाच टक्क्यांनी घसरला, तर इथे काहीच उतरत नाही. शिवाय आपल्याकडचा जुना साठा आधीच्या डॉलरभावाने आलेला असतो. दुकानदार तो तोट्यात काढायला सहजी तयार होत नाही. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, चार दुकानं फिरा. बंद झालेल्या पिढीचं एखादं कार्ड मूळ भावालाच काचेत बसलेलं दिसेल. दुकानदार तुम्हाला फसवत असेलच असं नाही. त्याने घेतलंच त्या भावाला.

सेकंडहँड घेताना

खरी स्वस्ताई मिळते ती इथे, आणि धोकाही इथेच. जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधला जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा पेपर तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. विकणाऱ्याला वस्तूची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यांनाच थोडा कमी भाव देतो, आणि चांगली वस्तू असलेला विकायलाच येत नाही. मर्जनंतरचा कार्डांचा बाजार हे याचं जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण. दिवसरात्र मायनिंगला लावलेलं कार्ड आणि घरी संध्याकाळी गेम खेळलेलं कार्ड फोटोत सारखंच दिसतं.

त्यामुळे दोनच गोष्टी सांगते. मूळ जीएसटी बिल आणि शिल्लक वॉरंटी असलेल्या कार्डाला दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. ते पैसे कार्डाला नाहीत, माहितीला आहेत. आणि समोर लावून, निदान अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. "कुरिअरने पाठवतो, आधी यूपीआय करा" म्हणणाऱ्याला नमस्कार.

रिसर्चवाल्यांसाठी जुनं म्हणजे किती जुनं?

गेम खेळणारा वेग बघतो. आपण आधी मेमरी बघतो. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये ठेवायचं तर नुसत्या वजनांनाच १४ जीबी लागतात. ४ बिटमध्ये दाबलं तर साडेतीन-चार. म्हणून वेगाने मागे पडलेलं, पण १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० विद्यार्थ्यांमध्ये अजून टिकून आहे, आणि २४ जीबीचं ३०९० तर म्हातारं व्हायचं नावच घेत नाही. त्याच्यानंतर आलेली कित्येक कार्डं खेळात त्याच्या तोडीची किंवा पुढची आहेत, पण त्यांच्याकडे १२ किंवा १६ जीबीच आहे. गिऱ्हाईक बदललं की "जुनं" या शब्दाचा अर्थ बदलतो, आणि भावही त्यामागे जातो.

वस्तूची किंमत अशी तिच्या गुणांमध्ये वाटून बघायची, या पद्धतीला हेडॉनिक किंमत म्हणतात. फ्रेडरिक वॉ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९२८ मध्ये बॉस्टनच्या बाजारातल्या भाज्यांवर हेच केलं होतं: शतावरीच्या कोंबाच्या हिरव्या भागाची लांबी वाढली की भाव किती वाढतो वगैरे. आपण कोंबाच्या जागी जीबी ठेवायचे. १२ जीबी आणि ८ जीबीच्या एरवी सारख्या कार्डांतला फरक नोंदत गेलात, तर बाजार एका जीबीला किती मोजतोय ते कळेल, आणि तो आकडा दर वर्षी कसा हलतो तेही.

उलट्या टोकाला एक इशारा. जीटीएक्स १०८० टीआय ११ जीबीचं आहे आणि आज खूप स्वस्तात मिळतं. भुलू नका. त्यात टेन्सर कोअर नाहीत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कूडा १३ने त्या पिढीचा, म्हणजे पास्कलचा, आधार काढून टाकला. जुन्या कूडावर ते चालत राहील, पण उद्या एखाद्या पेपरचा कोड गिटहबवरून उतरवाल आणि पहिल्याच ओळीला अडकाल. बीफ्लोट१६ हा आकड्यांचा प्रकार हार्डवेअरमध्ये हवा असेल तर ३० सिरीज ही खालची पायरी. जुन्या कार्डाची किंमत जिथे खरोखर कोसळते ती बहुधा अशा ठिकाणी, जेव्हा सॉफ्टवेअर त्याचा हात सोडतं. त्या दिवशी कुठे लाँच नसतं, स्टेज नसतं, लेदर जॅकेट नसतं. रिलीज नोट्समध्ये एक ओळ असते.

तर त्या मुलाला मी काय सांगितलं

आधी विचारलं, काम काय आहे? पानांच्या फोटोंवरून आंब्यावरचे रोग ओळखायचं प्रोजेक्ट आहे, म्हणजे काही हजार फोटो. मी म्हटलं, त्याला पहिले तीन महिने कार्डच नको. कॅगल आठवड्याला तीस तास जीपीयू फुकट देतं, तिथे सुरू कर. त्यातून तुला मेमरी कमी पडते की वेळ कमी पडतो हे कळेल, आणि मग काय घ्यायचं ते आपोआप ठरेल. मेमरी कमी पडली तर १२ जीबीचं बिलासकट सेकंडहँड, किंवा पप्पांना आणखी थोडं मनवून १६ जीबीचं नवीन. पण निव्वळ पुढच्या लाँचच्या आशेवर थांबू नकोस. काम अडलं असेल तर थांबण्याचीही किंमत असते, ती मी एकदा भरली आहे. आणि हे बोलणं झाल्यावर, २०२५च्या शेवटच्या महिन्यांत, रॅमचे भाव कसे उसळले ते तुम्ही पाहिलंच. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच्या चिपा असतात.

त्याचा चेहरा थोडा पडला. तीस हजारांचं स्वप्न तीन महिने पुढे गेलं होतं. मग म्हणाला, "म्हणजे भाव कधी पडणार ते सांगताच येत नाही?"

म्हटलं, सांगता येईल की नाही ते तूच बघ. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओटीवर बसून एक शीट केली. सहा कार्डं, प्रत्येकाच्या दोन-तीन आवृत्त्या, चार वेबसाइट्स, दर रविवारी संध्याकाळी एक नोंद. त्या दिवशीचा डॉलरचा भाव वेगळ्या रकान्यात. मुंबईला जाणं झालं तर लॅमिंग्टन रोडवरचा तोंडी भाव, दुकानाचं नाव न लिहिता, तारखेसकट. सेकंडहँडचा रकाना अगदी वेगळा, आणि त्यात लोक मागतात तो भाव एकीकडे आणि सौदा खरोखर झाला तो दुसरीकडे, कारण मागितलेला भाव कुणीही लिहू शकतं.

पहिल्याच रविवारी त्याचा मेसेज आला: "ताई, एक कार्ड दोन साइट्सवर आउट ऑफ स्टॉक आहे. शून्य टाकू का?"

शून्य नको, लिहिलं. रिकामंही सोडू नकोस. "संपलं" असं लिही, आणि शेजारी गेल्या आठवड्याचा भाव.